दाखव बरं, काकू

दोन वर्षं मी रोज सकाळ-संध्याकाळ श्वासातून ओढायचं औषध घेत होते आणि त्यातलं बरंचसं माझ्या जिभेवर नि घशातच राहत होतं. हे कुठल्या तपासणीत कळलं नाही. चकली खाता खाता आमच्या पुतणीनं सांगितलं.

भाऊबीजेचा दुसरा दिवस. पुतणी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती, सुट्टीत घरी आली होती आणि ओट्यावर पाय लोंबकळत बसली होती. मी डबीतून कॅप्सूल काढली, यंत्रात घातली, फिरवली आणि मोगऱ्याचं फूल हुंगावं तसा एक संथ, लांब श्वास घेतला. तिनं हातातली चकली खाली ठेवली.

"काकू, कशी घेते ते पुन्हा दाखव बरं."

"आता सकाळचा डोस झाला ना."

"रिकामंच घे. नुसतं दाखव."

मी दाखवलं. ती हसली नाही, याचंच मला जास्त भ्या वाटलं. मग तिनं समजावलं. मला आधी जो पंप होता, त्यात औषध वायूच्या जोरानं स्वतःच बाहेर उडतं. म्हणून तिथे श्वास सावकाश घ्यायचा, नाहीतर फवारा घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतो. नंतर डॉक्टरांनी भुकटीचं यंत्र दिलं. या भुकटीला स्वतःचा जोर नसतो. आपल्या ओढीनंच ती उडते आणि फुप्फुसात पोचते, म्हणून इथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा. यंत्र बदललं, माझा श्वास मात्र जुन्याच वळणाचा राहिला. दर तीन महिन्यांनी मला विचारलं जायचं, "औषध नियमित घेता ना?" मी म्हणायचे, "हो." प्रश्न खरा होता, उत्तरही खरं होतं. "दाखवा" असं मात्र त्या दोन वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, आणि मलाही ते दाखवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. श्वास कसा घ्यायचा हे काय कुणाला दाखवायचं असतं?

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं नोकरी केली. कुठलीही अडचण आली की तिचं पुस्तक कुठल्या कपाटात असेल, असा विचार करायची सवय जात नाही. त्यामुळे माझ्या आजाराचं सीओपीडी, म्हणजे फुप्फुसातल्या नळ्या अरुंद होऊन कायमचा दम लागणं, हे नाव ऐकल्यावर मी पहिलं काम केलं ते वाचायचं. फुप्फुसांच्या तपासणीत ज्या नळीत मला फुंकायला लावलं होतं, तिचा मूळपुरुष सापडला. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८४६ मध्ये आपल्या यंत्राविषयी लिहिलं. पाण्यात उलटी बुडवलेली एक घंटा, माणसानं नळीतून फुंकलं की ती वर उचलली जायची, आणि किती उचलली यावरून फुप्फुसाची क्षमता मोजायची. दोन हजारांहून जास्त लोकांना त्यानं असं फुंकायला लावलं होतं. मला फुंकायला लावणाऱ्या मुलीनं "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका" असा जो गजर केला, तो ऐकून बाहेर बसलेले आमचे हे घाबरून आत डोकावले होते.

निरोगी माणूस पूर्ण श्वास जोरानं सोडतो तेव्हा साधारण सत्तर टक्क्यांच्या वर हवा पहिल्या एका सेकंदातच बाहेर पडते. माझी बावन्न टक्के पडत होती, तीही औषध दिल्यानंतर. आणि माझ्या वयाच्या, उंचीच्या बाईची पहिल्या सेकंदात जेवढी हवा सुटायला हवी, तिच्या निम्मीसुद्धा माझी सुटत नव्हती. कागदावर ते शेहेचाळीस टक्के असं छापलेलं होतं. परीक्षेत एवढे मिळाले असते तर पास झाले असते.

"बिडी-सिगारेट?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की एकदा मी "हो, माहेरी होती" असं म्हणून टाकलं. एका अर्थानं ते खोटं नव्हतं. काटोलकडच्या आमच्या गावी चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या आणि पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या जळायच्या. सहाव्या-सातव्या वर्षापासून फुंकणी माझ्या हाती. आईचे हात पिठात, म्हणून विस्तव फुलवायचं काम माझं. धूर डोळ्यांत गेला की "धूर गोऱ्या पोरीकडे जाते" असं म्हणून आई हसायची. मी सावळी आहे, तरी मला ते खरं वाटायचं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. तंबाखू ओढणारे जगात सुमारे शंभर कोटी, आणि लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात जगणारे सुमारे तीनशे कोटी, असा अंदाज त्यात आहे. ते वाचताना मला आमची चूल दिसली. उज्ज्वला योजना आली २०१६ मध्ये. तोवर आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिच्या खोकल्याला आम्ही सगळे 'आईचा खोकला' म्हणायचो, जसं काही ते तिच्या स्वभावाचंच एक अंग होतं.

त्यात तेविसाव्या वर्षी मला टीबी झाला. गोळ्यांनी लघवी नारिंगी व्हायची, तेव्हा वडील म्हणाले होते, "संत्र्याच्या गावची पोर आहे." टीबी पूर्ण बरा झाला, पण बरा होताना फुप्फुसावर वण ठेवून गेला. चूल, टीबी, ग्रंथालयातली धूळ, कुणाचा वाटा किती ते कुणी वेगळं काढून देऊ शकत नाही. मी विचारणंही सोडलं.

हे सगळं मला पुस्तकांतून कळलं. माझ्या छातीत नक्की काय बिघडलंय हे मात्र कळलं ते आमच्या यांच्याकडून, आणि यांचा वैद्यकशास्त्राशी संबंध म्हणजे मेडिकल चौकातून बस बदलण्यापुरता.

हे चौतीस वर्षं कोराडीच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या देखभालीवर होते. एका रात्री मी तक्रार करत होते की श्वास घेता येत नाही, घेता येत नाही. ऑक्सिमीटर बोटाला लावलं तर आकडा चौऱ्याण्णव. म्हणजे प्राणवायू ठीक, आणि जीव तर घाबरा. मला वाटलं यंत्र बिघडलं. हे थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तुझा एफडी फॅन बरोबर आहे. आयडी फॅन दमला आहे."

बॉयलरला दोन मोठे पंखे असतात. एफडी हवा आत ढकलतो, आयडी जळून गेलेला वायू बाहेर ओढून चिमणीकडे पाठवतो. आयडी बंद पडला आणि एफडी चालूच राहिला तर भट्टीत दाब वाढतो, म्हणून आयडी गेला की एफडीसुद्धा आपोआप बंद व्हावा अशी सोय करून ठेवलेली असते. "माणसाला ती सोय नाही," हे म्हणाले. "तू आत घेऊन राहिली, घेऊन राहिली. जुनी हवा निघालीच नाही तर नवी मावणार कुठं?"

दुसऱ्या दिवशी पुतणीला फोनवर हे सांगितलं तर ती ओरडलीच. "काका, हे तर आमच्या सरांनी दोन तास शिकवलं होतं!" सीओपीडीत आतल्या बारीक नळ्या श्वास सोडताना मिटतात, हवा मागे अडकून राहते, छाती फुगलेलीच राहते. बाहेरून वाटतं की हवा कमी पडतेय. खरं तर आत जागाच उरलेली नसते. त्यावर तिनं सांगितलेला उपाय इतका साधा की मला आधी त्याचा थोडा अपमानच वाटला. नाकानं दोन मोजेपर्यंत आत, आणि ओठांचा चंबू करून चार मोजेपर्यंत बाहेर. गरम चहावर घालतो तशी फुंकर, पण चहा हलणार नाही इतकी हलकी. ओठ आवळले की नळ्यांत मागून थोडा दाब राहतो, त्या लवकर मिटत नाहीत आणि हवेला निघायला वेळ मिळतो.

फुंकर! जिच्या हातात सातव्या वर्षी फुंकणी दिली होती, तिला बासष्टाव्या वर्षी पुन्हा फुंकायला शिकवत होते.

यांच्या ज्ञानाला एक खोड होती. त्यांनी माझं लॉगबुक सुरू केलं. खरोखरीचं, तिन्ही पाळ्यांचं, रकाने आखलेलं. वेळ, ऑक्सिजन, नाडी, शेरा. रात्री अडीच वाजता माझं बोट धरून यंत्र लावायचे. जानेवारीत गार बोटावर एकदा छ्याऐंशी दाखवलं तर घरभर दिवे लागले. बोट चोळून गरम केल्यावर त्र्याण्णव. चौथ्या दिवशी मी वही फेकली. "मी काय युनिट आहे का तुमचं?" यावर हे जे बोलले ते मला अजून आठवतं. "युनिट असतं तर मला झोप लागली असती."

वही मीच उचलून आणली. पुढे त्याच वहीच्या शेऱ्याच्या रकान्यानं मला वाचवलं. अंगात ताप यायच्या दोन दिवस आधी 'बेडका वाढला, पिवळा' असं लिहिलेलं दिसायचं. दुसऱ्यांदा ते दिसलं तेव्हा आम्ही तापाची वाट न बघता डॉक्टरांकडे गेलो आणि दवाखान्यात भरती व्हायचं टळलं. आणखी एक गोष्ट त्या वहीनं पकडली, जी कुणाच्या डोक्यात आली नसती. दर मार्चमध्ये कूलर काढून जुन्या ताट्या झटकायच्या दिवशी माझा आकडा घसरायचा. नागपुरात पंचेचाळीस अंशांत कूलरशिवाय राहा असं सांगणारा माणूस मला भेटायचाय. पण ओल्या, कुजक्या ताट्यांचा वास हा बुरशीचा वास असतो, हे आता आमच्याकडे मान्य झालं आहे. ताट्या दरवर्षी नव्या येतात. त्या बदलताना मी शेजारी जाऊन बसते, आणि नव्या ताट्यांवरून एक दिवस पाणी वाहून गेल्याशिवाय परत येत नाही.

सासूबाई आता सत्त्याऐंशीच्या. त्यांना तिशीपासून दमा. शाळा दुसरीपर्यंत. औषधं म्हणाल तर त्यांनी सगळी केली. सुंठ, अडुळसा, पांढऱ्या गोळ्या, इंजेक्शनं. एकदा मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत मासळी औषधासकट गिळून आल्या. "मासोळी बरी होती, पन दमा तिच्यापरीस जबर निघाला," असं त्याचं त्यांचं परीक्षण. आज त्या मुकाट्यानं पंप घेतात आणि मग चूळ भरतात, कारण पुतणीनं सांगितलंय की स्टिरॉइड तोंडात राहिलं तर जिभेवर पांढरी बुरशी येते.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते, सासूबाई रात्री पाटावर बसायच्या, समोर लोखंडी ट्रंक, ट्रंकेवर उशी, उशीवर दोन्ही कोपर. तोंड खिडकीकडे. हातात हातपंखा. मला वाटायचं, झोप येत नाही म्हणून बसतात. त्या पाणी भरायच्या तेव्हा हंडा उचलताना "हूं" असा आवाज काढायच्या, आणि मला ते म्हातारपणाचं कण्हणं वाटायचं. तेव्हा त्या जेमतेम अठ्ठेचाळीसच्या होत्या.

पुतणी त्यांना बघत उभी राहिली एकदा. मग कोपर, उशी, ट्रंक, सगळ्याचा फोटो काढला. पुढे झुकून हातांना आधार दिला की खांद्याचे नि मानेचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात, हे तिच्या पुस्तकात चित्रासह होतं. तोंडावर पंख्याचा वारा आला की दम लागल्याची जाणीव कमी होते, हेही होतं. आणि जोर लावताना श्वास सोडायचा, धरून ठेवायचा नाही, हा तर तिनं मला शिकवलेला पहिला धडा. बादली उचलताना, जिन्याची पायरी चढताना.

"आजी, हे तुला कोणी शिकवलं?"

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी विचारावं की चालायला कोणी शिकवलं. "रातीनं शिकवलं माय. अजून कोन होतं जागं?"

पुतणी त्या दिवशी फार बोलली नाही. मलाही बोलवेना. मी त्याच घरात, भिंतीपलीकडे, पस्तीस वर्षं झोपत होते. ग्रंथालयात काम करणारी बाई मी, आणि घरातला हा एवढा मोठा ग्रंथ मी उघडला नव्हता. आता आम्ही दोघी सकाळी एकत्र बसतो. त्या मला बोलण्याआधी थांबायला शिकवतात. दाराची बेल वाजली तर उठून दार उघडायचं, पाहुण्याला हातानं बसायला सांगायचं, आपण बसायचं, मग "या" म्हणायचं. "काहून घाई करतं? त्याची गाडी सुटून राहिली का?" अंघोळ स्टुलावर बसून. फोडणी यांच्याकडे, कारण तिखटाचा ठसका आता मला अर्धा तास पुरतो. सांबारवडीचं (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) सारण मी बसून करते, तळायला हे. वड्या फुटतात. त्यावर मी काही बोलत नाही, कारण बोलायला श्वास लागतो.

माया करणाऱ्या सगळ्यांनाच काही कळतं असं नाही, हेही इथे लिहून ठेवते. २०२१ च्या त्या उन्हाळ्यात माझ्या एका चुलत दिरांनी कापूर, लवंग, ओव्याची पुरचुंडी पाठवली, ऑक्सिजन वाढतो म्हणून. स्कूटरवर, बंदीच्या काळात, पोलिसांना चुकवत आणून दिली. तिच्यानं ऑक्सिजन वाढत नाही, उलट त्या वासानं मला खोकल्याची उबळ आली. पुढे त्यांनी घरात गोवरीची धुरी करायचाही आग्रह धरला, जंतू मरतात म्हणून. मी नाही म्हटलं तर महिनाभर अबोला. त्यांना माझ्याबद्दल वाटतं ते खोटं नव्हतं. धुरी करू दिली नाही याचं मला वाईटही वाटलं नाही. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे त्यांना पटवण्याइतका दम माझ्यात नव्हता.

पोळ्याच्या पाडव्याला नागपुरात महालात, इतवारीत मारबत निघते, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी नि पिवळी, सोबत बडगे नावाचे पुतळे, आणि सगळं शहर ओरडतं, "खासी, खोकला घेऊन जा गे मारबत!" लहानपणी काकांच्या खांद्यावर बसून मीही ओरडले आहे. आता पुतणी जाऊ देत नाही. गर्दी, धूळ आणि शेवटी दहनाचा धूर. "ती खोकला घेऊन जाते आणि जाता जाता तुला नवा देऊन जाते," म्हणते. मी टीव्हीवर बघते. ओरडते मनातल्या मनात, श्वास सोडता सोडता.

पुतणीकडून शिकणं सोपं नव्हतं, हे कबूल करते. जिला मी अंघोळ घातली, जिची दुधाची दातं माझ्या डबीत आहेत, तिनं मला दालनात सरळ रेषेत चालायला लावावं, हातात स्टॉपवॉच घेऊन! सहा मिनिटांत किती चालता ते मोजतात. पहिल्या दिवशी तीनशे दहा मीटर. तिनं आठ आठवड्यांचा व्यायाम आखून दिला, आठवड्यातून पाच दिवस चालणं, पायांचे व्यायाम, पाण्याच्या बाटल्या उचलणं. फुप्फुसं जशी आहेत तशीच राहतील, पण पायांचे स्नायू मजबूत झाले तर त्याच कामाला कमी हवा लागेल, असा तिचा हिशेब. मी दुसऱ्या आठवड्यात दांड्या मारायला लागले आणि फोनवर "चालले, चालले" म्हणायची. "औषध घेता ना?" "हो." तीच जुनी खोड.

ती न सांगता आली. दारातून म्हणाली, "चल, दाखव."

मी शंभर मीटरवर भिंत धरली. ती चिडली. मीही चिडले. म्हटलं, तुझ्या पेशंटांवर अशी ओरडतेस का? तिचे डोळे भरले. "पेशंट असती ना, तर मी फाईलवर 'सहकार्य नाही' असं लिहून पुढच्या खाटेकडे गेली असती."

आठ आठवड्यांनी तीनशे पासष्ट मीटर. आकडा लहान आहे. पण त्या पंचावन्न मीटरांत आमच्या घरापासून कोपऱ्यावरचं भाजीचं दुकान येतं, आणि आता मी सांबार, मेथी माझ्या हातानं निवडून आणते. यांनी आणलेला सांबार मी अजून तरी कधी हिरवा पाहिलेला नाही.

पुतणी आता पुण्याला असते. व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न अजून तोच, "दाखव बरं, काकू." फोन ओट्यावर मिरच्यांच्या बरणीला टेकवून मी तिला यंत्र तोंडाला लावून दाखवते. मागून सासूबाई सांगतात, "जोरानं ओढून राहिली व, पायलं म्या."

गेल्या मे महिन्यात एका रात्री वीज गेली. शेचाळीस अंशांचा दिवस होता, भिंती अजून तापलेल्या. कूलर थांबला आणि दहा मिनिटांत माझा दम वर आला. हे टॉर्च शोधायला लागले, मग वही, मग ऑक्सिमीटर. अंधारात सासूबाईंचा आवाज आला, "यंत्र ठेव रे बाबू. ट्रंक सरकव." ट्रंक सरकली. उशी आली. मी कोपरं टेकली, तोंड खिडकीकडे केलं. हे हातपंखा घेऊन समोर बसले आणि मोजायला लागले. एक, दोन, आत. एक, दोन, तीन, चार, बाहेर. पंख्याचा ताल आणि आकड्यांचा ताल जुळेना. हे तीनवरच थांबून पुन्हा एकपासून सुरू करायचे, आणि मी ओठांचा चंबू करून ताटकळायची. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मला हसू आलं, आणि हसण्यात उरलीसुरली हवा बाहेर पडली.

पावणेतीनला वीज आली. मला वाटलं हे झोपायला जातील. ते दिव्याखाली उभे राहून वहीत लिहीत होते. सकाळी मी बघितलं. रात्रपाळी, २.४५, ऑक्सिजनच्या रकान्यात आडवी रेघ, नाडीच्या रकान्यात आडवी रेघ. शेऱ्यात लिहिलं होतं: 'आयडी फॅन चालू. हसली.'